तुझं तू बघ

मुंबईत थंडी आधी फुटपाथवर पडते. दादरच्या पुलाखाली एका सकाळी दोरीवर कानटोप्या लटकायला लागल्या की समजायचं, पौष आला. हवेत तसा फारसा फरक नसतो. पंखा एका आकड्याने कमी करावा इतकाच. पण माणसं हौसेने टोप्या घेतात, कानांवरून ओढतात आणि दुपारी घाम पुसत फिरतात.

यंदाही लटकल्या. मी भाजीला गेले होते, नेहमीसारखी तिथं थांबले. तांबड्या रंगाची एक हातात घेतली, उलटी करून आतली वीण पाहिली. टोपीवाला आता ओळखीचा झाला आहे. "आजी, दरवर्षी बघता नि ठेवून देता," तो म्हणाला, "एखादी घ्या की."

"घरात डोकं नाही रे," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी विनोद करते आहे.

घरात एक डोकं होतं. ते तीनदा उघडलं आणि तीनदा शिवलं. दोन हिवाळ्यांत. त्यातला पहिला हिवाळा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. थंडी म्हणून नव्हे, थकवा म्हणून. कानटोप्या दिसल्या की इस्पितळाचा जिना चढल्यासारखे माझे पाय भरून येतात.

आमचे हे म्हणजे दत्ताराम. नाव आता लिहायला हरकत नाही, तेव्हा मी ते तोंडाने घेत नसे. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. ते गिरणीत साच्यांवर कापड विणायचे, मी नायगावच्या म्युनिसिपल शाळेत दुसरीचा वर्ग घ्यायचे. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता, म्हणून दोन्हीकडच्या बायका आपापले उपास मला सुचवीत. पहिली पाळी सुटली की ते खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत पुसत जिना चढायचे. हात स्वच्छ असले तरी पुसायचे. मी चिडवायचे, तर म्हणायचे, "हात पुसल्याशिवाय पाळी सुटत नाय, बाई." शाळेतली बाई म्हणून ते मला घरातही बाईच म्हणत.

त्या वर्षी सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं. चौकाचौकात सभा, भिंतींवर चुन्याने लिहिलेली अक्षरं, सकाळी फेऱ्या. मुंबई कुणाची, यावरून चाळीच्या नळावरसुद्धा भांडणं जुंपायची. ह्यांना सभांचं भारी वेड. जेवण टाकून जायचे. आणि एक दिवस ते सभा अर्ध्यावर टाकून घरी आले, डोकं दोन्ही हातांनी धरून.

चष्मा हवा असेल म्हणून चष्मा केला. पित्त असेल म्हणून सुंठ झाली. सासूबाईंनी गावाहून कळवलं की देवाला गाऱ्हाणं घातलं आहे, आता काळजी नाही. मग एका संध्याकाळी जेवता जेवता ते थांबले. "आज खात्यात माका ता नाव आठवाक नाय," ते म्हणाले. "ता... हयसून थय धावता ता."

"धोटा?"

"हां. धोटा."

आम्ही दोघं हसलो. साचेवाल्याने इकडून तिकडे धावणारा धोटा विसरावा म्हणजे मी खडू विसरण्यासारखं झालं. पंधरा दिवसांनी ते चालत्या साच्याशेजारी कोसळले आणि तोंडाला फेस आला. त्यानंतर त्या गोष्टीला आम्ही पुन्हा हसलो नाही.

परळच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर अगदी हळू बोलायचे. मेंदूवर गाठ आहे, डाव्या अंगाला, काढावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. "बाई, तिथंच माणसाचं बोलणं असतं. त्याला धक्का लागू शकतो." तोवर मला वाटायचं, बोलणं जिभेत असतं. दुसरीला आम्ही तसंच शिकवायचो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हावी आला. ह्यांचे केस भरघोस, तेवढाच काय तो त्यांचा थाट. न्हाव्याने सवयीने विचारलं, "शेंडी ठेवू काय?" मग स्वतःच ओशाळला. आमच्याकडे पुरुषाचं गुळगुळीत डोकं म्हणजे घरात कुणीतरी गेलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मला विचारलंच, "वडील गेले का यांचे?" मी म्हटलं, अजून कुणी गेलेलं नाही.

त्याच दिवशी भेटीच्या वेळेत माझा दादा गिरगावातून आला. दादा वाईट नव्हता. आईवडील गेल्यावर त्यानेच मला शिकवलं, नोकरीला लावलं. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, आपण हळू बोलतो आहोत अशा समजुतीने तो म्हणाला, "हे बघ, डॉक्टरांचा रंग काही बरा दिसत नाही. तू चोवीस वर्षांची आहेस, हाताशी नोकरी आहे. गिरगावातली खोली तुझीच समज. यांना गावाला आई आहे, ती करील." ह्यांचे डोळे मिटलेले होते. पण डोळ्यांसारखे कान काही मिटता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सुई दिली. जीभ जड झाली, पापण्या अर्ध्यावर आल्या. चाकांच्या खाटेवरून नेताना मी बरोबर चालत दारापर्यंत गेले. तिथं सिस्टरने मला थांबवलं. दार उघडलं तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. उजवा एव्हाना धड उचलत नव्हता. एक बोट डोळ्याखाली लावून कातडी जरा खाली ओढली. मग तेच बोट माझ्याकडे केलं. मग हात बाहेर, जिन्याच्या दिशेने झटकला. तेवढ्यात खाट वळली आणि दार लागलं.

बघ. तू. जा. मुलांना शब्द जोडायला शिकवणारी मी, मला हे जोडायला कितीसा वेळ लागणार? तुझं तू बघ, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

त्या बाकावर मी पाच तास बसले. रडले नाही. मला राग आला होता. मला सोडवायला तुम्ही कोण, असं मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. आणि त्या रागाच्या तळाशी, खोटं कशाला सांगू, थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. गिरगावातल्या खोलीची खिडकी मला दिसत होती, तिच्यातला तुळशीचा डबा दिसत होता. आत त्यांचं डोकं उघडं होतं आणि बाहेर मी तुळशीला पाणी घालत होते.

गाठ निघाली. सगळी नाही, पण बरीचशी. ते शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द शिल्लक होता. बरा. आमच्या मालवणीत बरा म्हणजे बरं, ठीक. पाणी देऊ? "बरा." दुखतंय? "बरा." मी कोण, ओळखलंत? "बरा." डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहतो. राहिला तोही असा, की भेटायला आलेली माणसं "कसो काय दत्ताराम?" विचारायची, हे "बरा" म्हणायचे, आणि माणसं समाधानाने घरी जायची. चाळभर झालं की दत्ताराम बोलतो, छान बोलतो. ते बोलत नाहीत हे फक्त मला ठाऊक होतं.

त्या पौषात शहरात गोळ्या चालल्या होत्या. वॉर्डात आमच्या आजूबाजूला गोळी लागलेली, लाठी बसलेली तरुण माणसं पडलेली. शाळा कधी भरायची, कधी नाही. नायगावहून परळला मी भिंतीच्या कडेकडेने चालत यायची, हातात पेजेचा डबा. पोलिसांनी एकदा डबा उघडायला लावला. पेज बघून त्यातला एकजण ओशाळून म्हणाला, "जावा ताई, थंड होईल."

घरी नेलं ते ट्रामने. त्यांच्या डोक्याला पांढरं मुंडासं बांधावं तशी पट्टी. आम्ही चढताच एक काळ्या टोपीचे गृहस्थ उठून उभे राहिले. "बसा हो, बसा. कुठं लागली?"

"बरा," हे म्हणाले.

"लाठी की गोळी?"

"बरा."

त्या गृहस्थांचे डोळे भरून आले. "बघा, तक्रार नाही एका शब्दाची," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. पुढच्या बाकावरच्या फुलवालीने टोपलीतून शेवंतीची वेणी काढली आणि ह्यांच्या हातात ठेवली. सगळी ट्राम आमच्याकडे आदराने बघत होती. आता बोलायला हवं, असं मला वाटलं. ह्यांना कुणी मारलं नाही, गाठ होती, एवढंच तर सांगायचं. मी काही बोलले नाही. किती दिवसांनी मला बसायला जागा मिळाली होती.

चाळीतही तेच झालं. काय झालं होतं ते ज्यांना माहीत होतं त्यांनाही हळूहळू ही दुसरी गोष्ट जास्त आवडायला लागली. गोळीबाराच्या दिवसांत इस्पितळात होता ना, मग? मी एकदोघांची चूक सुधारली, मग सोडून दिलं. थकलेल्या माणसाला खरं बोलायलाही ताकद लागते.

तीन आठवड्यांत जखम सुजली, ताप चढला, आणि माघात आम्ही पुन्हा त्याच जिन्यावर. डोक्याच्या हाडाचा एक तुकडा नासला होता, तो काढून टाकावा लागला. रोज मरे त्याला कोण रडे. पहिल्या वेळी बाकावर माझ्याभोवती अकरा माणसं होती. दुसऱ्या वेळी दादा आणि एक शेजारीण. दादाला अकराला कोर्टात जायचं होतं.

या वेळी दारातून नेताना त्यांनी कसलीच खूण केली नाही. तापात होते. मीही वाट बघितली नाही.

दुसऱ्या ऑपरेशनने 'बरा'सुद्धा नेला. ते माझ्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, काही यायचं नाही, मग तोंड भिंतीकडे करायचे. डोक्यावर डाव्या बाजूला खळगा पडला होता. आत हाड नाही, वर नुसती कातडी, आणि ती कातडी उडायची. तान्ह्या मुलाची टाळू उडते तशी. मूल नसलेल्या मला देवाने ही टाळू राखायला दिली होती. हिच्यावर काही लागता कामा नये, सिस्टरने बजावलं होतं. म्हणून मी तांबड्या लोकरीची कानटोपी विणली. तिला आतून दुपदरी अस्तर लावून मध्ये कापूस भरला. फाल्गुन लागला, होळीची लाकडं गोळा व्हायला लागली, उन्हाने गच्ची तापायला लागली, आणि आमचे हे कानटोपी घालून वॉर्डात बसलेले. येणारा जाणारा हसायचा. कधी कधी मीसुद्धा.

माझा दिवस कसा जायचा हे आता आठवत नाही, कारण आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. सकाळी पेज, मग शाळा, मग चालत परळ, चार ते सहा भेट, मग चालत लालबाग. अंथरुणावर पडलं तरी पाय चालत राहायचे. वर्गात मुलं धडा वाचायची आणि मी उभ्याने झोपायची. एकदा एक मुलगी वाचता वाचता थांबून म्हणाली, "बाई, पुढं वाचू?" मी म्हटलं, "बरा." वर्ग हसला.

बाई म्हणून मी माझी विद्या वापरून पाहिली. पाटी आणली, अक्षरं काढली. क कमळाचा. त्यांच्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने पाटी हळूच उलटी करून ठेवली. फेकली असती तर मला बरं वाटलं असतं. सातवी शिकलेला, रोज वर्तमानपत्र वाचणारा तो माणूस, त्याला मी कमळ दाखवत होते.

दादाचा निरोप यायचा, काय ठरवलंस? मी ठरवलं होतं. वार्षिक परीक्षा होऊ द्यायच्या, पेपर तपासायचे, सासूबाईंना बोलावून घ्यायचं आणि ह्यांना त्यांच्याबरोबर गावाला पाठवायचं. मग गिरगाव. त्यांनीच तर सांगितलं होतं. रोज जिना उतरताना मी ते वाक्य स्वतःला म्हणून दाखवायची, औषधासारखं. तुझं तू बघ. औषध लागू पडत नव्हतं, पण मी घेत होते.

भिकू परब एका दुपारी आले. गिरणीत ह्यांच्या शेजारचे साचे त्यांचे. मी त्यांना भिकूभावजी म्हणे. इतके दिवस ते आले नव्हते कारण त्यांना इस्पितळाची भीती वाटायची. आले ते पहिली पाळी करून थेट, केसांत कापसाची पांढरी कुसं तशीच. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "कसा काय" वगैरे काही नाही. त्यांनी ओठ हलवले, आवाज काढला नाही, आणि दोन बोटं हवेत कात्रीसारखी चालवली.

ह्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. डावा हात चादरीतून बाहेर काढला आणि गळ्याशी नेऊन टाय आवळल्यासारखं केलं.

भिकूभावजी हसले. मग त्यांनी काहीतरी केलं, मग ह्यांनी. अर्धा तास ते दोघं असे बोलत होते. मी मध्ये स्टुलावर बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. दोन महिने ज्या माणसाने मला एक अक्षर दिलं नव्हतं तो गप्पा मारत होता. मला इतका मत्सर वाटला की मी डबा धुवायच्या निमित्ताने उठले.

भिकूभावजी निघाले तेव्हा त्यांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. "भावजी, काय बोललात तुम्ही?"

"काय नाय वो वैनी. मी म्हटलं, धागे लय तुटतायत. तो विचारत होता, आपला मास्तर मेला का जिवंत आहे. खात्यावरचा टायवाला मास्तर. मी म्हटलं, जिवंत आहे, म्हणून तर धागे तुटतायत."

"पण त्यांना बोलता येत नाही."

"साचेखात्यात कोणाला बोलता येतं? शेकड्यांनी साचे खडखडतात. कानात तोंड घालून बोंबललं तरी ऐकू येत नाय. आमी सगळे तिथं मुकेच. हातानं नि ओठानं चालतं सगळं." मग ते म्हणाले, "तुमाला घरी कधी दाखवलं नाय त्यानं?"

नव्हतं दाखवलं. घरी जीभ होती ना. मी म्हटलं, "मला शिकवा."

ते संकोचले. "वैनी, त्यातल्या अर्ध्या शिव्या आहेत."

"त्याही शिकवा."

तिथंच व्हरांड्यात आमची शाळा भरली. मी दुसरीच्या मुलीसारखी समोर उभी, आणि भिकूभावजी मास्तर. चहा. तहान. कांडी संपली. मास्तर आला. तेल घाल. आज सभा आहे. काही खुणा करताना ते तोंड फिरवायचे, त्या शिव्या. मी करून दाखवायची, ते दुरुस्त करायचे. आणि मग मला विचारायचं नव्हतं ते माझ्या हातून विचारलं गेलं. मी बोट डोळ्याखाली लावलं, त्यांच्याकडे केलं, हात बाहेर झटकला. "हे म्हणजे काय, भावजी? तुझं तू बघ?"

"कोणी केली ही?"

"ह्यांनी. पहिल्या ऑपरेशनला आत नेताना. मला."

"वैनी, तुमी अर्धीच बघितली. हात बाहेर जातो नि परत आत येतो. असा." त्यांनी करून दाखवलं. हात जिन्याकडे गेला आणि वळून छातीशी आला. "बिडीला जायचं असलं, लघवीला जायचं असलं, तर साचे बंद करून जाता येत नाय. मग शेजारच्याला सांगायचं. माझे साचे बघ, मी आलोच. दिवसातून दहा वेळा करतो आमी ही."

खाट वळली होती. दार लागलं होतं. त्यांचा हात परत आलेला मी पाहिलाच नव्हता.

मी व्हरांड्यातल्या पायरीवर बसले आणि रडले. येणारी जाणारी माणसं बघत होती, बघू देत. ज्या माणसाने भावाचं सगळं बोलणं मिटल्या डोळ्यांनी ऐकलं होतं, त्याने दारातून मला फक्त इतकंच विचारलं होतं की मी येईपर्यंत बघशील ना. आणि मी दोन महिने रोज त्याचे साचे बंद करायला निघाले होते. मला माझी लाज वाटली. आणि खूप दिवसांनी आनंदही झाला, तोही सांगून टाकते.

"आणि उत्तर काय द्यायचं असतं?" मी विचारलं.

त्यांनी मूठ वळली आणि कोपरापासून दोनदा पुढेमागे केली. "चालतायत, जा."

मी आत गेले. भेटीची वेळ संपत आली होती. ह्यांच्यासमोर उभी राहिले, मूठ वळली, दोनदा पुढेमागे केली. त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग कानटोपीखालचा तो चेहरा हसत-रडत असा काही फुटला, की सिस्टर धावत आली, काय झालं म्हणून.

दादाला मी चार ओळींचं पत्र टाकलं. तो रागावला, सहा महिने बोलला नाही, मग दिवाळीला फराळ घेऊन आला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल. झालं नाही. खूण कळली म्हणून उजव्या हातात जोर आला नाही, झटके थांबले नाहीत, माझे पाय दुखायचे राहिले नाहीत. तेच जिने, तीच पेज. फक्त आता कुठल्या दिशेने थकायचं ते माहीत होतं. खोलीत आम्ही साचेखात्यातलं बोलायचो. शेजारणी म्हणायच्या, बाईंच्या घरात किती शांतता. त्या शांततेत आम्ही कडाकडा भांडायचो. शिव्या मी चांगल्या शिकले होते.

तिसरं ऑपरेशन पुढच्या पौषात. राहिलेली गाठ पुन्हा वाढू लागली होती. ती काढायची आणि त्या खळग्यावर झाकण बसवायचं. "डब्याला बसवतात तसं," डॉक्टर म्हणाले. हा त्यांचा एकमेव विनोद. बाकावर या वेळी मी आणि भिकूभावजी, त्यांनी पाळी बुडवली होती. दारापाशी सिस्टर थांबवायला लागली तेव्हा मी म्हटलं, "एक मिनिट, मला ह्यांचा हात बघायचा आहे." खाट वळली तशी मीही वळले. बोट डोळ्याखाली गेलं, माझ्याकडे आलं, हात बाहेर गेला, आणि परत आला. छातीवर येऊन टेकला. मी मूठ पुढेमागे केली. दार लागलं.

ते आले. त्यानंतर शब्दही आले, पण गावाहून येणाऱ्या एसट्यांसारखे, कधी वेळेवर, कधी नाहीच. साच्यांवर त्यांना पुन्हा उभं राहता आलं नाही. कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात त्यांना घेतलं. तिथं आवाज नसतो. "थंय करमत नाय," ते म्हणायचे.

राज्य झालं त्या दिवशी चाळीने चौकात मंडप घातला. पेढे वाटले. आणि मग कुणीतरी, ज्याला जुनी गोष्ट आवडत होती, ह्यांना धरून वर नेलं, खुर्चीवर बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. "ह्या माणसाने मुंबईसाठी डोकं फोडून घेतलं," असं काहीसं सुरू झालं. टाळ्या पडल्या. मी खाली बायकांत उभी होते. चार वर्षांपूर्वी ट्राममध्ये जे सांगितलं नाही ते आता माझ्या गळ्याशी आलं.

हे उठले. कानटोपी काढली. मे महिना, तरी होतीच डोक्यावर. सगळ्यांना झाकणावरचा व्रण दिसला.

"नाय," ते म्हणाले. त्यांना शब्द शोधताना मी बघत होते, बंद पेटीत किल्ली चाचपावी तसे. "मारला... नाय कोणी. गाठ. गाठ होती." मग हार काढून त्यांनी शेजारी ठेवला आणि बोट माझ्याकडे केलं. "ही होती. हिना बघितला."

कुणाला काही कळलं नाही. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना समजेना. मी पदर तोंडाला लावून खोलीत निघून आले.

त्यानंतर ते एकतीस वर्षं जगले. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, आम्ही दादरला दोन खोल्यांत आलो. भांडलो पुष्कळ, थकलो त्याहून पुष्कळ. ते गेले तेही पौषातच, दुपारी, घरी, छातीच्या दुखण्याने. डोक्याने शेवटपर्यंत साथ दिली. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. मी खाटेशी बसून त्यांच्या डाव्या हातावर नजर ठेवली होती. हात हलेल, डोळ्याखाली जाईल. मी मूठ तयार ठेवली होती, खरंच वळून ठेवली होती. चारच्या सुमाराला त्यांनी दोन्ही हात चादरीवर ठेवले, हळूहळू पुसले, आधी उजवा, मग डावा. आणि झालं. खूण केली नाही.

याचं मला फार लागलं. बाराव्याला भिकूभावजी आले, काठी टेकत. सगळे जेवत होते तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तक्रार केल्यासारखी. इतकी वर्षं बघितलं मी, आणि जाताना एक खूण नाही करायची?

"हात पुसले म्हणता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग वैनी, बरोबर केलं त्यानं. ती खूण अर्ध्या पाळीत करायची असते. परत यायचं असलं तर. पाळी सुटल्यावर कोण कशाला करील? हात पुसायचे नि निघायचं."

"आणि साचे?"

"साचे काय, थांबत नाय. दुसऱ्या पाळीचा येऊन उभा राहिला की आपण मोकळे."

माझ्याकडे दुसऱ्या पाळीचं कुणी आलेलं नाही. सकाळी दूध, दुपारी जपून जिना, संध्याकाळी देवाजवळ दिवा, सगळं चालू आहे. खोलीत कुणी नसताना माझी मूठ कधी कधी आपोआप पुढेमागे होते. पाय दुखतात. पुलाखालच्या त्या टोपीवाल्याला मी तांबडी टोपी परत दिली, त्याने ती दोरीला लावली.

"मग आजी, घेणार की नुसतंच बघणार?" त्याने विचारलं.

"बघतेय," मी म्हटलं.